होळीच्या दिवशीचे अकरा क्रेट

बुधवार, दोन एप्रिल. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रोहिदास ललिताबाईंच्या भेंडीत उतरला. हातांत जुने मोजे, अंगात लांब बाह्यांचा सदरा, कमरेला गोणपाटाची झोळी. त्याची बायको साधना बांधावर चपला काढून ठेवत होती.

ओढ्याकडेचा बारा गुंठ्यांचा तुकडा. ललिताबाई आधीच एका सरीत वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली, दोघांकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"तुमी त्या कडंनं धरा, मालक. बोटाएवढीच तोडा. निबर झालेली ऱ्हाऊ द्या, मी मागनं काढते."

"म्हाईत हाय गं, ललिता," रोहिदास म्हणाला.

साधनानं त्याच्याकडं पाहिलं. साठी ओलांडलेल्या बाईला 'गं' म्हणायची त्याला लहानपणापासूनची सवय होती. ललिताबाई रोहिदासच्या घरच्या रानात रोजानं यायच्या तेव्हापासूनची. पण तेव्हा बांध त्याचा होता.

साडेसहाला रस्त्यावर मोटरसायकल थांबली. इंद्रजीत होता. त्याची भेंडी राहूच्या रस्त्याला, आणि तोही रोहिदासच्याच गटातला.

"काय रोहिदास, रोजानं जातूस व्हय आता? आमच्यातबी दोन सऱ्या हायत रिकाम्या!"

रोहिदासनं ऐकलं नाही असं दाखवलं. भेंडीची लव मोज्यातून आत शिरून मनगटाला टोचत होती.

"रोजानं न्हाई," साधना मोठ्यानं म्हणाली. "सावड हाय."

इंद्रजीत हसायचा थांबला. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. ती भावकीत चालते, शेजारच्या बांधावर चालते. खुटबाव गावात आजवर ती ओढा ओलांडून ललिताबाईंच्या वस्तीकडं आली नव्हती. इंद्रजीतनं गाडीला किक मारली आणि तो गेला. आठ वाजायच्या आत गावाला कळलं.

कारण दोन दिवसांपूर्वीचं होतं.

गटात चौदा शेतकरी. सगळ्यांची भेंडी एक दिवसाआड न्हावऱ्याच्या पुढच्या पॅकहाउसला जाते, तिथून परदेशात. प्रत्येकाला एक कोड दिलेला असतो, आणि क्रेटवर त्या कोडचं स्टिकर लागतं. कुठल्या रानातली भेंडी, कधी फवारली, कधी तोडली, हे प्रत्येकाच्या वहीत इंग्रजीत लिहावं लागतं. चौदाही वह्या ज्ञानेश लिहायचा. गावात त्याचं खत-औषधांचं दुकान, तो गटाचा सेक्रेटरी. खाली सही ज्याची त्याची.

मार्चअखेर एक लॉट परत आला. भेंडीत औषधाचा अंश सापडला. स्टिकर ललिताबाईंच्या कोडचं होतं. त्यांचा कोड बंद झाला, भेंडी मिळेल त्या भावात आठवडी बाजाराला जायला लागली, आणि गावातल्या बायका त्यांच्या तोडणीला येईनाशा झाल्या. "विषाची भेंडी" असं कुणीतरी दुधाच्या डेअरीवर म्हणालं आणि ते चिकटलं.

एकतीस मार्चला ज्ञानेशनं दुकानात बैठक घेतली.

"सतरा तारखेला ऑडिट हाय. ऑडिटर मॅडम केरळच्या. मराठी शून्य. आन् या वेळी रूल असा हाय की शेतकऱ्यानं स्वतः उत्तर द्यायचं, इंग्रजीत. मधी दुसरं कुणी बोललं की फेल. प्लॉट त्यांनीच काढलाय." त्यानं रोहिदासकडं पाहिलं. "तुमचा."

रोहिदास त्रेचाळीस वर्षांचा. दहावीला दोनदा बसला, दोन्ही वेळा इंग्रजीत गेला. ज्ञानेशनं त्याच्या हातात छापील कागद दिला. दहा वाक्यं, मराठी अक्षरांत लिहिलेली. "नुसती पाठ करा. मॅडम काय बी विचारू दे, यातलं एक म्हणायचं. तुम्ही फेल झाला तर चौदाच्या चौदा घरी बसतील, एवढं ध्यानात ठेवा."

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी रोहिदासनं पाठ करून पाहिलं. चौथ्या वाक्याला जीभ अडायची आणि पहिलं विसरायचं. मग साधनाच म्हणाली, "ललिताबाईंची राजश्री हाय की. केडगावच्या शाळेत इंग्रजीच शिकवत होती."

राजश्री आणि तो दहावीपर्यंत एका वर्गात होते. ती पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. तिची शाळेतली कंत्राटी नोकरी मार्चात संपली होती, म्हणून ती घरी होती. तिनं कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"हे पाठ करून काही होणार नाही. शिकायचं असेल तर शिकवते. संध्याकाळी पाच ते सहा."

"फी काय घ्याल?"

"फी नको. आईच्या भेंडीला माणूस मिळत नाही. एक दिवसाआड सकाळी दोघं तोडायला या. मी तुम्हांला शिकवते. सावड समजा."

घरी आल्यावर रोहिदासनं हे सांगितलं तेव्हा त्याचे वडील ओट्यावर पान लावत होते. त्यांना सगळं गाव दादा म्हणतं. सत्त्याहत्तर वर्षांचे, पण औषधाचा पंप अजून पाठीवर घेतात, दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

"सावड?" दादा म्हणाले. "त्यांच्या रानात? आरं, तिचा बाप आपल्या दावणीला शेण काढत व्हता."

"मंग आता मी त्यांची भेंडी तोडतो."

"पैसं दे की तिला! कोण न्हाई म्हणतंय?"

"घेत न्हाई ती."

दादांनी पान तोंडात न टाकता डब्यात परत ठेवलं.

पहिला धडा राजश्रीनं क्रेटवर घेतला. घरासमोर सारवलेलं अंगण होतं, ओसरीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, चौदा तारखेसाठी पुसून ठेवलेला. तिनं तीन रिकामे क्रेट ओळीनं मांडले.

"पहिला क्रेट, कोण. दुसरा, काय केलं. तिसरा, कशाला. भेंडी उचला. आता सांगा, तुम्ही काय केलं?"

"भेंडी तोडली."

"कुणी?"

"मीच की. दुसरं कोण हाय हितं?"

"मग पहिल्या क्रेटात उभे राहा."

रोहिदास हसला. ती हसली नाही. तो क्रेटात पाय ठेवून उभा राहिला. ओसरीवर ललिताबाई निबर भेंड्या वेगळ्या करत होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला.

"आपण बोलताना तोडणारा सांगितला नाही तरी चालतं. 'फवारणी झाली.' 'माल गेला.' सगळ्यांना माहीत असतं कोण ते. इंग्रजीत हा क्रेट रिकामा ठेवला की वाक्य उभंच राहत नाही. म्हणा, आय."

"आय."

"हार्वेस्टेड."

"हार... हारवे..."

"तोडलं. हार्वेस्टेड. भेंडीला ते लोक ओकरा म्हणतात."

चार तारखेला तो सरीत वाकल्यावाकल्या तेच घोकत होता. आय हार्वेस्टेड ओकरा. आय पिक्ड. आय वॉश्ड. साधना पलीकडच्या सरीतून त्याची चूक दुरुस्त करायची, कारण ऐकून ऐकून तिला त्याच्याआधी पाठ झालं होतं. सहा तारखेला त्याला 'काल केलं' आणि 'रोज करतो' यातला फरक सांगता आला. आठ तारखेला राजश्री प्रश्न विचारायला लागली आणि सगळं पुन्हा मोडलं. प्रश्न आला की त्याच्या मानेखाली घाम सुटायचा, शाळेत सुटायचा तसाच.

"मला न्हाई येणार हे," तो म्हणाला. "टक्कुऱ्यात शिरतच न्हाई."

"औषधाचं प्रमाण कसं लक्षात राहतं? पंधरा लिटरला किती मिली, कुठल्या किडीला कुठलं?"

"त्ये रोजचं हाय."

"मग हेही रोजचं करू. उद्या तुमची वही आणा. गटाची. धडा त्यातलाच घेऊ."

ज्ञानेशनं वही द्यायला खळखळ केली. "वही कशाला पायजे? कागद दिलाय ना?"

"मॅडमनी वही म्होरं ठेवली तर? निदान पान कुठलं ते तरी कळू दे मला."

ज्ञानेशला ते पटलं. दहा तारखेला संध्याकाळी रोहिदासनं स्वतःची वही पहिल्यांदा उघडली. तीन वर्षं तो तिच्यात सह्या करत होता.

राजश्रीनं पानं उलटली आणि बोट ठेवलं. "होळीचा आठवडा. वाचा."

तो अक्षरावर अक्षर ठेवत गेला. इलेव्हन्थ मार्च. नो स्प्रे. खाली थर्टीन्थ मार्च. नो हार्वेस्ट. खाली त्याची सही, गावाच्या नावासकट, ठळक.

"म्हणजे काय झालं?" राजश्रीनं विचारलं.

"अकराला फवारणी न्हाई. तेराला तोडा न्हाई."

"बरोबर वाचलंत."

तिनं पान त्याच्यापुढं उघडंच ठेवलं. अकरा मार्चला दादांनी तुडतुड्यांचं औषध मारलं होतं. त्या औषधानंतर सात दिवस तोडायचं नसतं. पण भेंडी सात दिवस थांबत नाही, तिसऱ्या दिवशी निबर होते. तेरा तारखेला होळी. दुसऱ्या दिवशी धुळवडीला बायका येणार नव्हत्या, म्हणून होळीच्या सकाळीच सगळ्यांनी मिळून तोडा उरकला. नऊ क्रेट निघाले होते. दुपारी पुरणपोळ्या लाटताना साधना सारखी मनगटं खाजवत होती, भेंडीच्या लवेनं लाल झालेली. त्यानंच तिला खोबरेल दिलं होतं.

"बघू," ज्ञानेश तेव्हा म्हणाला होता. "मी मॅनेज करतो."

घरी जाताना तो स्वतःशी एकच हिशेब करत राहिला. नऊ क्रेट गाडीत चढले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या वहीत ते नव्हते. मग ते कुठं होते?

सोमवारी चौदा एप्रिल. भेंडीला जयंती कळत नाही, तोडायचा दिवस तोच होता. ललिताबाई पहाटेपासून घालमेलीत होत्या. वस्तीवर निळे झेंडे लागले होते, नऊला मिरवणूक.

"तुमी जावा," साधना म्हणाली. "आमी दोघं उरकतो."

"आवं, पर एवढ्या सऱ्या..."

"जावा म्हणते ना, मावशी."

ललिताबाई पांढरं लुगडं नेसून निघाल्या. राजश्रीही गेली. बारा गुंठ्यांत दोघंच राहिली. ओढ्यापलीकडून ढोल-ताशा ऐकू येत होता. ऊन मानेवर आलं तेव्हा शेवटची सरी संपली. रोहिदासनं झोळी रिकामी केली, भेंडी सारखी केली. एक क्रेट भरला. दुसरा गळ्यापर्यंत आला. संपलं.

तो क्रेटांकडं बघत उभा राहिला.

"काय झालं?" साधनानं विचारलं.

"दोनच."

"मंग? बारा दिस तोडतूय, दोनच निघत्यात. बारा गुंठ्यांत अजून किती निघणार?"

संध्याकाळी अंगणात गर्दी होती, म्हणून राजश्रीनं धडा घरात घेतला. ललिताबाईंनी रोहिदासला बुंदी दिली. मग राजश्रीनं कपाटातून एक लिफाफा काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. पॅकहाउसचं पत्र. ललिताबाईंचा कोड बंद केल्याचं.

"आज हे वाचा."

"तुम्ही वाचलं असंल की."

"आईला वाचून दाखवलेलं नाही."

ललिताबाई जवळ येऊन बसल्या. "पंधरा दिस झालं आलंय त्ये. इचारलं की म्हणती, थांब. आता म्हणती, रोहिदासराव वाचतील. काय लिव्हलंय ओ त्यात? माझी काय चूक झाली?"

रोहिदासनं पत्र धरलं. कागद गुळगुळीत होता आणि त्याची बोटं खरबरीत, तो सरकायचा. पहिलं वाक्य लांब होतं, ते सुटलं. दुसऱ्यात ललिताबाईंचं नाव सापडलं. तिथून तो चालू लागला. फार्मर ललिता. मग तारीख. थर्टीन्थ मार्च. मग एक ओळखीचा शब्द, हार्वेस्टेड. मग आकडा. आकडा अक्षरात लिहिला होता. त्यानं तो दोनदा वाचला.

"इलेव्हन क्रेट्स."

"म्हंजी?" ललिताबाई म्हणाल्या.

दोन आणि नऊ. क्रेट पॅकहाउसला गेले होते. फक्त स्टिकर दुसऱ्याचं होतं.

"बोला की. म्हंजी किती?"

"अकरा."

"माझ्यात अकरा?" ललिताबाईंनी लेकीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "माझ्यात अकरा कवा निघालं? मालक, नीट वाचा. चुकलं असंल तुमचं."

"इंग्रजी अवघड हाय," रोहिदास म्हणाला आणि उठला. बुंदी तशीच राहिली.

राजश्री त्याच्या मागं बांधापर्यंत आली. 

"तुम्हांला आधीपासून ठावं व्हतं," तो म्हणाला.

"अकरा क्रेट आईचे नाहीत, एवढं माहीत होतं. कुणाचे ते नव्हतं. बाकीच्या तेरापैकी कुणाचेही असते. तुमची वही पाहिली तेव्हा कळलं. होळीला तुमच्याकडं तोडा झाल्याचं सगळ्यांना माहीत, आणि वहीत नो हार्वेस्ट."

"मंग तवाच बोलायचं."

"मी सांगितलं असतं तर तुम्ही ज्ञानेशकडं गेला असता. त्यानं वही हातात घेऊन तुम्हांला दुसरंच वाचून दाखवलं असतं. पटलं असतं तुम्हांला. तीन वर्षं पटतच होतं की." ती परत वळली. "सोळाला नाही आलात तरी चालेल. शिकवायचं राहिलेलं नाही काही."

मंगळवारी रोहिदास दुकानात गेला तेव्हा ज्ञानेशनं काही लपवलं नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो पुड्यांवरची धूळ झटकत बोलत राहिला.

"उसना घेतला कोड. सगळेच घेत्यात. इंद्रजीतचा माल मागच्या साली तुमच्या कोडवर गेलाय, म्हाईत हाय? शेजाऱ्याकडनं विरजण न्यावं तसं हाय ते. तुमच्या दीड एकराच्या मालावर औषध मारून दोनच दिस झालेलं, तुमच्याच कोडची जोखीम कशाला घ्यायची? ललिताबाईंच्या कोडवर घातला. लॉट परत यील असं मला काय सपान पडलं व्हतं?"

"तिला इचारलं?"

"तिला वाचता येतं का?"

"मला तरी कुठं येत व्हतं?"

ज्ञानेशचं फडकं थांबलं. "हे बघा. बारा गुंठं बंद पडलं तर एक घर थांबतं. तुमचा कोड गेला तर वहीत खोटं सापडलं म्हणून पुरा ग्रुप जातो. हंगाम सरू द्या, ललिताबाईंना परत घेऊ आपण. परवा दहा वाक्यं म्हणा आन् मोकळं व्हा. गाव तुमच्या तोंडाकडं बघतंय."

घरी दादा वाट बघत होते. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

"त्या बाईम्होरं माझं नाव घेणार हाईस? बापानं औषध मारलं म्हणून?"

"मी अजून काय बी ठरवलं न्हाई."

"पन्नास वर्सं फवारतोय. कुणी मेलं न्हाई माझ्या भेंडीनं."

सोळा तारखेला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रोहिदास आणि साधना ललिताबाईंच्या रानात होते. ललिताबाईंनी त्यांना पाहिलं आणि कडेच्या सरीकडं बोट केलं. दोन क्रेट भरले.

सतरा तारखेला अकरा वाजून वीस मिनिटांनी पांढरी गाडी रोहिदासच्या दारात थांबली. ऑडिटर बाई तिशीच्या, डोक्यावर टोपी, पायात मातीचे बूट. त्यांनी आधी रान पाहिलं, औषधाची खोली पाहिली, पंप उचलून वास घेतला. मग लिंबाखाली खुर्चीवर बसल्या आणि समोरच्या खुर्चीवर रोहिदासला बसवलं. मागं गटातले नऊ-दहा जण उभे होते, ज्ञानेश सगळ्यांत पुढं. दादा ओट्यावर. ललिताबाई आणि राजश्री दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला. त्यांना कुणी आत बोलावलं नव्हतं.

पहिले चार प्रश्न ज्ञानेशच्या कागदातले निघाले. रोहिदासनं कागदातलीच उत्तरं दिली. मागं कुणीतरी दबक्या आवाजात "वा" म्हणालं. बाईंनी खुणा केल्या, वही मिटली, पेनाचं टोपण लावलं. मग सहज म्हणावं तसं म्हणाल्या, "एनिथिंग यू वॉन्ट टू टेल मी?"

हा प्रश्न कागदात नव्हता.

रोहिदासला प्रश्न समजला होता. त्याला काही सांगायचं आहे का, असं त्या विचारत होत्या. 'नो' एवढंच म्हणायचं होतं. मानेखाली घाम आला. त्यानं जमिनीकडं पाहिलं. तिथं क्रेट नव्हते, पण त्यानं ते मांडले. पहिल्यात पाय ठेवला.

"आय," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली.

"आय हार्वेस्टेड. थर्टीन्थ मार्च. आय हार्वेस्टेड नाइन क्रेट्स."

बाईंनी टोपण पुन्हा काढलं. वही उघडून पान शोधलं. "युअर डायरी सेज, नो हार्वेस्ट."

"मॅडम, ही इज कन्फ्यूज्ड," ज्ञानेश पुढं झाला. "व्हिलेज मॅन, टेन्शन..."

"प्लीज. लेट हिम स्पीक."

"आय साइन्ड," रोहिदास म्हणाला. पुढचे शब्द शोधायला त्याला वेळ लागला. "आय साइन्ड डायरी. आय डिड नॉट रीड."

"अँड द नाइन क्रेट्स? विच कोड?"

"ललिताबाई कोड." त्यानं दाराबाहेर हात केला. "ललिताबाई हार्वेस्टेड टू क्रेट्स. ओन्ली टू."

रस्त्यावर ललिताबाईंनी आपलं नाव दोनदा ऐकलं आणि राजश्रीचा दंड धरला.

"डिड यू स्प्रे बिफोर दॅट?"

"इलेव्हन्थ मार्च."

"हू स्प्रेड?"

ओट्यावर दादा पुढं झुकून बसले होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता. ते फक्त लेकाच्या तोंडाकडं बघत होते. रोहिदासनंही एकदा त्यांच्याकडं पाहिलं. 

"आय," तो म्हणाला. "आय स्प्रेड."

बाईंनी कोरं पान त्याच्यापुढं केलं आणि लिहायची खूण केली. पाच वाक्यांना त्याला वीस मिनिटं लागली. मागचे लोक एकेक करून निघून गेले. शेवटी ज्ञानेशही गेला. बाईंनी पानाचा फोटो घेतला, भेंडीचा नमुना पिशवीत सीलबंद केला आणि एक वाजायच्या आत गाडी गेली.

दादा जेवायला आले नाहीत. साधनानं ताट ओट्यावर नेलं.

"माझं नाव घेतलं त्यानं," दादा म्हणाले.

"न्हाई घेतलं," रोहिदास आतून म्हणाला. "मी फवारलं असं सांगितलं. लिव्हलंय मी तसं. फोटो हाय माझ्याकडं, वाचून दाखवतो."

"तू वाचशील आन् मी खरं धरू व्हय?"

दादांनी ताट सरकवलं. त्या दिवसापासून ते रोहिदासशी बोललेले नाहीत. काही हवं असलं तर साधनाला सांगतात.

मंगळवारी, बावीस तारखेला, पॅकहाउसचा मेल आला. ज्ञानेशचं दुकान दोन दिवस बंद होतं, म्हणून लोक फोन घेऊन रोहिदासकडं आले. ज्यांनी त्याला चार दिवस राम राम केला नव्हता, तेही आले. त्यानं तो ओट्यावर बसून वाचला. सगळा कळला नाही, पण तीन गोष्टी कळल्या. त्याचा कोड बंद झाला होता. ललिताबाईंचा अजून बंदच होता, चौकशी होईपर्यंत. आणि दहा मेला ऑडिटर पुन्हा येणार होत्या, या वेळी बाकीच्या बाराही वह्या घेऊन एकेका शेतकऱ्याला समोर बसवायला.

"आमच्या वहीत काय लिव्हलंय?" कुणीतरी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी दुकान उघडायला लावून वह्या बाहेर काढल्या गेल्या आणि ज्याची त्याला मिळाली.

बुधवारी पाचच्या सुमाराला इंद्रजीत वही काखेत धरून राजश्रीच्या अंगणात उभा होता.

"मॅडम, एवढं बघून द्या की. मागच्या सालापासनंचं."

"बघून देणार नाही. वाचायला शिकवेन."

"चालंल. फी सांगा."

"फी नको," राजश्री म्हणाली. "उद्या तोडा आहे. सकाळी सहा वाजता आईच्या रानात या. सावड."

इंद्रजीतनं ओसरीवर पाहिलं. ललिताबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तो "बघतो" म्हणाला आणि गेला.

गुरुवार, चोवीस एप्रिल. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ललिताबाईंच्या भेंडीत तीन माणसं वाकलेली होती. रोहिदासची स्वतःची दीड एकर पलीकडं निबर होत चालली होती. तिला अजून गिऱ्हाईक नव्हतं.

"मावशी, ही सरी कीड लागलेली दिसती," तो म्हणाला.

"बघते," ललिताबाई म्हणाल्या. "तुमी फुडं चला, रोहिदास."

सव्वासहाला रस्त्यावर मोटरसायकल आली. इंद्रजीतनं ती स्टँडवर लावली, इंजिन बंद केलं आणि तिच्यावरच बसून राहिला. त्याच्या हँडलला पिशवी होती. पिशवीतून जुन्या मोज्यांची टोकं बाहेर आलेली दिसत होती.

साडेसहा वाजले तेव्हा तो गाडीवरून उतरलेला नव्हता.